पहारेकरी कुठे गेले?

दिवाळीच्या तीनेक आठवडे आधी मामेभावाचा फोन आला. मामीच्या बायॉप्सीच्या रिपोर्टचा फोटो त्याने पाठवला होता आणि नेटवर शोधून अर्धा अभ्यासही करून ठेवला होता. रिपोर्टात गर्भाशयाच्या मुखाच्या पेशींबद्दल चार ओळी, आणि शेवटी "पी-१६ : पॉझिटिव्ह".

"दादा, पी-१६ हे ट्यूमर सप्रेसर प्रोटीन आहे म्हणे. म्हणजे गाठ दाबून धरणारं. ते आईच्या पेशींत भरपूर सापडलंय. मग हे चांगलंच ना? डॉक्टर लगेच प्रोसीजर करू म्हणतायत, पण दिवाळी झाल्यावर केली तर?"

पोराचं लॉजिक बिनचूक होतं. उत्तर मात्र बरोब्बर उलटं आहे, आणि ते उलटं का आहे हे समजायला १९७९ पासूनचा इतिहास बघावा लागतो. फोनवर मी त्याला एवढंच म्हटलं की दिवाळीची वाट बघू नका, डॉक्टरांचं ऐका. (मामीची प्रोसीजर वेळेत झाली, तासाभराचं काम. यंदाच्या चकल्याही तिनेच केल्या. सस्पेन्स नको म्हणून आधीच सांगून टाकतो.) बाकीचं उत्तर फोनवर मावण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे.

वैधानिक इशारा : मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरतो आणि शनिवार-रविवार भलत्याच विषयांची पुस्तकं वाचतो.

तर मंडळी, १९७९. त्या काळी कॅन्सरवर संशोधन करणाऱ्यांचा एक लाडका व्हायरस होता, एसव्ही-४०. मूळचा माकडांचा. (पोलिओची लस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवत, तिथे तो १९६० मध्ये सापडला होता. ती एक वेगळीच भानगड आहे, पुन्हा कधीतरी.) हॅमस्टरला हा व्हायरस टोचला की गाठी होतात. व्हायरसचं एकच प्रोटीन, 'लार्ज टी', हे काम करतं एवढं माहीत होतं. कसं करतं ते माहीत नव्हतं. लंडनमध्ये डेव्हिड लेन आणि लायनेल क्रॉफर्ड, तर अमेरिकेत प्रिन्स्टनला डॅनियल लिंझर आणि आर्नॉल्ड लेव्हिन त्याच्या मागे होते. अँटिबॉडी लावून त्यांनी टी प्रोटीन पेशीतून बाहेर ओढलं, तर त्याच्याबरोबर आणखी एक प्रोटीन ओढलं गेलं. हे व्हायरसचं नव्हतं, पेशीचं स्वतःचं होतं. इतर गटांनाही त्याच सुमारास ते दिसलं. जेलवर त्याचं वजन ५३ हजार डाल्टनच्या आसपास वाटलं म्हणून नाव पडलं पी-५३. पुढे कळलं की खरं वजन ४४ हजारांच्याही किंचित खाली आहे, त्यातल्या प्रोलीनमुळे ते जेलवर रेंगाळतं. पण तोवर नाव रुळलं होतं. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी फक्त आपल्याच धंद्यात असते असं नाही :-)

आता विचार करा. चोराची कॉलर धरून त्याला अंधारातून बाहेर ओढलं, तर त्याच्या हाताला धरलेला आणखी एक माणूस बाहेर आला. तुम्ही काय म्हणाल? साथीदार! सगळ्यांनी तेच म्हटलं. शिवाय पुरावाही होता. गाठींच्या पेशींत पी-५३ ढिगाने सापडायचं, निरोगी पेशींत जेमतेम. १९८४ मध्ये तर वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की पी-५३ चं जनुक रास नावाच्या दुसऱ्या एका जनुकाबरोबर पेशीत घातलं की पेशी बिघडतात. संपलं. पी-५३ म्हणजे कॅन्सर घडवणारं प्रोटीन, अशी नोंद झाली.

ही नोंद पाच वर्षं टिकली. मग लेव्हिनच्या लक्षात आलं की आपल्याकडचा पी-५३ चा एक क्लोन पेशी बिघडवतो आणि दुसरा अजिबात बिघडवत नाही. दोघांचा सीक्वेन्स ताडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. जे क्लोन इतकी वर्षं प्रयोगशाळांत फिरत होते त्यांत म्युटेशन होतं. म्हणजे टेस्टिंग चाललं होतं ते करप्ट झालेल्या कॉपीवर! १९८९ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की धडधाकट पी-५३ पेशींचं बिघडणं उलट थांबवतं. त्याच वर्षी बाल्टिमोरला बर्ट फोगेलस्टाइनच्या गटाला मोठ्या आतड्याच्या गाठींत दिसलं की पी-५३ ची एक प्रत हरवलेली असते आणि उरलेल्या प्रतीत म्युटेशन असतं. मग गाठींत ते ढिगाने का दिसायचं? कारण मोडकं पी-५३ वेळेवर मोडीत निघत नाही, साठून राहतं. खरं पी-५३ कामापुरतं येतं आणि मिनिटांत नष्ट होतं.

तात्पर्य, चोराने हात धरलेला तो माणूस वाड्याचा पहारेकरी होता. साथीदार असल्यामुळे तो चोराबरोबर नव्हता, चोराने त्याला जखडून ठेवलं होतं. डीएनए खराब झाला की पी-५३ पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्ती होणार नसेल तर पेशीला आत्महत्या करायला लावतं. लेनने १९९२ मध्ये त्याला जीनोमचा राखणदार असं नाव दिलं आणि 'सायन्स'ने १९९३ चा वर्षाचा रेणू म्हणून त्याचा सत्कार केला. १० वर्षं आरोपीच्या पिंजऱ्यात, मग एकदम हारतुरे. आपल्याकडच्या पुढाऱ्यांचं बरेचदा याच क्रमाने होतं, फक्त त्यांच्या बाबतीत फेरतपासणी कुणी करत नाही.

दुसरा पहारेकरी म्हणजे आरबी. याच्यावर कधी खोटा आळ आला नाही, त्यामुळे त्याची गोष्ट कमी रंगतदार आहे. १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसनने रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरच्या ४८ केसेस घेऊन निव्वळ आकडेमोड केली आणि अंदाज बांधला की जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्याशिवाय हा रोग होत नाही. ते जनुक १९८६ मध्ये हाती आलं. आरबीचं काम गेटकीपरचं. विभाजनाची वेळ होईपर्यंत पेशीला डीएनएची कॉपी सुरू करू द्यायची नाही. १९८८ मध्ये एड हार्लोच्या गटाने दाखवलं की अॅडिनोव्हायरसचं एक प्रोटीन आरबीलाच जाऊन चिकटतं. म्हणजे दोन निरनिराळे व्हायरस, त्यांनी धरलेले दोन निरनिराळे पहारेकरी. आता ज्याला त्याला तिसऱ्या व्हायरसची आठवण होणं साहजिक होतं.

हा तिसरा व्हायरस जर्मनीत सापडला होता. गर्भाशयमुखाचा कॅन्सर संसर्गातून होत असावा असा संशय जुना होता, पण १९७० च्या दशकात बहुतेकांचं बोट हर्पिसकडे होतं. हाराल्ड त्सूर हाउझेनला या गाठींत हर्पिसचा डीएनए काही केल्या सापडेना. तो म्हणाला, हर्पिस नाही, चामखीळ करणारा पॅपिलोमा व्हायरस असणार. त्याचं म्हणणं सुरुवातीला फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९८३ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत मथियास ड्युर्स्टने एचपीव्ही-१६ वेगळा केला, १९८४ मध्ये मिखाएल बोशार्टने एचपीव्ही-१८. जगातले सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोघांच्या खात्यावर आहेत. त्सूर हाउझेनला २००८ मध्ये नोबेल मिळालं, २०२३ मध्ये तो गेला.

पण माझ्या मते खरा धागा सापडला तो १९८५ मध्ये, एलिझाबेथ श्वार्त्सच्या कामात. गाठींच्या पेशींत व्हायरस अख्खा नसतोच. त्याचा डीएनए माणसाच्या क्रोमोझोममध्ये घुसून बसलेला असतो, आणि घुसताना त्याची मोडतोड झालेली असते. तरीही दोन जनुकं प्रत्येक वेळी शाबूत असतात आणि चालू असतात. ई-६ आणि ई-७. तपासलेल्या पेशींत हेला पेशीही होत्या. हेन्रिएटा लॅक्स ही बाल्टिमोरची कृष्णवर्णीय बाई, पाच मुलांची आई, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ४ ऑक्टोबर १९५१ ला वारली. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या होत्या, त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. त्या पेशींत एचपीव्ही-१८ होता. ती गेल्यावर ३० हून जास्त वर्षांनी तिच्या मृत्यूचं कारण अशा रीतीने कळलं.

मग कोडी भराभर सुटली. १९८९ : ई-७ आरबीला धरतं. १९९० : ई-६ पी-५३ ला धरतं. आणि नुसतं धरत नाही! पीटर हाउलीच्या प्रयोगशाळेत मार्टिन शेफनरने दाखवलं की ई-६ असलं की पी-५३ चक्क नाहीसं होतं. पेशीत नको असलेल्या प्रोटीनवर युबिक्विटिन नावाची खूण चिकटवतात आणि मग ते भरडायला जातं. महापालिका अनधिकृत बांधकामावर लाल फुली मारते आणि मागोमाग बुलडोझर येतो, तसंच. (ही फुलीची भानगड शोधणाऱ्या तिघांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल आहे.) ई-६ स्वतः फुली मारत नाही. पेशीचाच एक फुली मारणारा कर्मचारी त्याने फितवलाय. एरवी त्या कर्मचाऱ्याचा पी-५३ शी काही संबंध नसतो. ई-६ त्याला हाताला धरून पी-५३ च्या दारात नेऊन उभा करतं. हा कर्मचारी १९९३ पर्यंत ओळखला गेला, आणि १९९७ मध्ये कळलं की याच प्रोटीनचं जनुक बिघडलं की मुलांना अँजेलमन सिंड्रोम हा मेंदूचा विकार होतो. कुठला धागा कुठे जाऊन निघेल, सांगता येत नाही.

व्हायरस हे सगळं का करतो? कॅन्सर व्हावा म्हणून अजिबात नाही. कॅन्सरच्या पेशीत नवे व्हायरस तयारच होत नाहीत, त्याच्यासाठी तो डेड एंड आहे. त्याची अडचण वेगळीच असते. त्याला स्वतःच्या प्रती काढायच्या असतात त्या त्वचेच्या वरच्या थरांत, आणि तिथल्या पेशींनी विभाजन थांबवलेलं असतं, कॉपी काढायची यंत्रणा बंद पडलेली असते. ती चालू करायची तर आरबीला हटवायला हवं. ते काम ई-७ करतं. पण अवेळी कॉपी सुरू झाली की पी-५३ ला संशय येतो आणि ते पेशीच संपवायला निघतं. म्हणून ई-६ हवं. दोन्ही चाली एकमेकींवाचून निरुपयोगी आहेत. डिझाइन म्हणून बघितलं तर दाद द्यावी लागते, कितीही राग आला तरी.

आता या कथेतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा निष्कर्ष. बहुसंख्य कॅन्सरमध्ये पहारेकऱ्याच्या जनुकातच बिघाड असतो. १९९१ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी तपासल्या तेव्हा उलटं दिसलं. हेला, सिहा, कास्की या एचपीव्ही असलेल्या पेशींत पी-५३ चं जनुक धडधाकट. सी-३३ए या एचपीव्ही नसलेल्या पेशींत मात्र म्युटेशन. शेवट दोन्हीकडे एकच, पी-५३ कामावर नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर एचपीव्हीच्या कॅन्सरमध्ये सोर्स कोडमध्ये बग नसतो. प्रोसेस नीट सुरू होते आणि दुसरी एक प्रोसेस तिला दर वेळी किल करत बसते.

याचे परिणाम मायक्रोस्कोपखाली विचित्र दिसतात. पॅथॉलॉजिस्ट लोक अँटिबॉडीचा रंग लावून कुठलं प्रोटीन किती आहे ते बघतात. इतर अवयवांत पी-५३ गडद रंगलं की म्युटेशनचा संशय घ्यायचा. एचपीव्हीच्या गाठीत पी-५३ सहसा फिकट, विरळ. जास्त दिसलं तरी वाईट, कमी दिसलं तरी वाईट! नुसत्या प्रमाणावरून काहीच ठरत नाही. ते प्रमाण कशामुळे आलंय ते माहीत असावं लागतं.

थोडं विषयांतर. १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये एक पेपर आला. पी-५३ च्या ७२ व्या जागी माणसामाणसांत फरक असतो, कुणाकडे आर्जिनीन, कुणाकडे प्रोलीन. पेपरचा दावा असा की दोन्ही प्रती आर्जिनीनच्या असतील तर ई-६ पी-५३ ला जास्त सहज मोडतं आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका सातपट होतो. किती सुरेख! रक्ताची एक टेस्ट करा आणि धोका ओळखा. जगभर लोक आपापल्या देशात तपासायला बसले. कुणाला आढळलं, कुणाला नाही. शेवटी २००९ मध्ये ४९ अभ्यासांतली माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा संबंध दिसला नाही. सुरेख कल्पना खरी असतेच असं नाही, हे दर आठवड्याला कोड रिव्ह्यूमध्ये मीही बघतो.

असो. मामीच्या रिपोर्टकडे येऊ. पी-१६ हा तिसरा पहारेकरी १९९३ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरला डेव्हिड बीचच्या प्रयोगशाळेत सापडला. त्याचं काम आरबीच्या एक पायरी वर. आरबीला निष्क्रिय करणाऱ्या एन्झाइमला पी-१६ रोखतं. म्हणजे पी-१६ वाढलं की आरबी जागं राहतं आणि विभाजन थांबतं. पुढच्याच वर्षी दिसलं की कितीतरी कॅन्सरमध्ये पी-१६ चं जनुक गायब असतं. अगदी अपेक्षेप्रमाणे. पण गर्भाशयमुखाच्या पेशी रंगवल्या तर तिथे पी-१६ काळंकुट्ट! पेशींचा थरच्या थर भरलेला.

आता पेशीच्या जागी जाऊन विचार करा. ई-७ ने आरबीला संपवलंय. विभाजन सुसाट चाललंय. पेशीला काहीतरी भयंकर चुकतंय हे कळतंय, म्हणून ती ब्रेक दाबते, म्हणजे पी-१६ बनवते. गाडी थांबत नाही. आणखी दाबते. आणखी पी-१६. पण पॅडलपासून चाकापर्यंतची वायरच कापलेली आहे. एरवी आरबी शाबूत असताना पी-१६ ला आवरही घातला जातो, तोही सुटलाय. तर रिपोर्टातलं 'पॉझिटिव्ह' म्हणजे तळापर्यंत दाबलेलं ब्रेकचं पॅडल. ब्रेक लागलेत असा त्याचा अर्थ नाही. पी-१६ एवढं दाबूनही पेशी वाढतेच आहे, याचा अर्थ आरबी गेलेलं आहे, आणि आरबी गेलं असेल तर बहुधा ई-७ घरात ठाण मांडून बसलंय.

हायडेलबर्गच्या एका गटाने २००१ मध्ये हे ओळखून पी-१६ चा रंग निदानासाठी वापरायला सुचवलं. २०१२ च्या अमेरिकन शिफारशींत तो अधिकृतपणे आला, नेमका मामीसारख्या केसेससाठी. बायॉप्सीतला बदल मधल्या दर्जाचा दिसतोय, आपोआप बरा होईल की पुढे जाईल ते कळत नाही, तेव्हा पी-१६ बघायचं. सलग गडद असेल तर तो वरच्या दर्जाचा धरतात. म्हणून डॉक्टर थांबायला तयार नव्हते. आणि कडी म्हणजे २०१३ मध्ये कार्ल म्युंगरच्या गटाने दाखवलं की या कॅन्सरच्या पेशींतलं पी-१६ काढून घेतलं तर त्या पेशीच मरतात. गाठ दाबणारं म्हणून ज्याचं बारसं झालं, त्याच्याच आधारावर गाठ जगते. मामेभावाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "नाव बदला राव त्याचं."

आता ही सगळी नावं लंडन, प्रिन्स्टन, हायडेलबर्गची. आपला संबंध काय? २०२० च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २४ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि ७७ हजारांवर गेल्या. आणि हा ज्ञानाचा धागा गावांपर्यंत पोचवून मोजण्याचं काम आपल्या उस्मानाबादला, आताच्या धाराशिवला झालंय. प्रत्येक गाठीच्या मुळाशी व्हायरस असेल, तर पेशींचा आकार बघत बसण्यापेक्षा थेट व्हायरसचा डीएनएच का शोधू नये? १९९९ पासून बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय संस्था यांनी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे गावांनुसार चार गट केले. एका गटाची एचपीव्ही टेस्ट, एकाची पॅप, एकाची अॅसिटिक अॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्याची नेहमीचीच व्यवस्था. निकाल २००९ मध्ये आला. आठ वर्षांत एचपीव्ही गटात (३४,१२६ बायका) या कॅन्सरने ३४ मृत्यू, चौथ्या गटात (३१,४८८) ६४. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या टेस्टने मृत्यू जवळजवळ निम्मे. पॅप आणि डोळ्यांनी तपासणीच्या गटांत असा ठळक फरक दिसला नाही.

त्या ६४ जणींबद्दल मात्र मन खट्टू होतं. त्यांच्या गटाला टेस्ट न देता बाजूला ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे बराच वाद झाला. तेव्हा तिथे नेहमीची व्यवस्था म्हणजे तपासणी नाहीच, ही बाजू मला समजते. पटते असं नाही.

आता लसही आहे, २०२२ मध्ये पुण्याच्या सीरमच्या लसीलाही मान्यता मिळाली. पण लस व्हायरसला दाराबाहेर ठेवते. ज्यांच्या घरात ई-६ आणि ई-७ आधीच शिरलेत त्यांना तिचा उपयोग नाही.

त्यांच्यासाठी येल विद्यापीठातला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. एचपीव्हीकडे ई-२ नावाचं प्रोटीन असतं, ते ई-६ आणि ई-७ ला आवरून धरतं. व्हायरस क्रोमोझोममध्ये घुसताना बहुतेकदा नेमकं ई-२ चं जनुक मोडतं आणि मग बाकीचे दोघे मोकाट सुटतात. २००० मध्ये एडवर्ड गुडविन आणि डॅनियल डिमायो यांनी गाईच्या पॅपिलोमा व्हायरसचं ई-२ हेला पेशींत घातलं. ई-६, ई-७ बंद पडले. पी-५३ परत दिसू लागलं, त्यापाठोपाठ आरबी कामावर हजर झालं. जनुकं धडधाकट होतीच, नुसती किल करणारी प्रोसेस थांबायला हवी होती. औषध म्हणून हे अजून दवाखान्यात पोचलेलं नाही, तो प्रयोग डिशमधलाच. पण त्या डिशमध्ये हेन्रिएटा लॅक्सच्या पेशींनी १९५१ पासून न थांबता चाललेलं विभाजन थांबवलं. काही दिवसांत त्या मोठ्या आणि चपट्या झाल्या, आणि म्हाताऱ्या पेशी ओळखायचा निळा रंग लावला तेव्हा निळ्या दिसल्या.